गालाचं माप

"बिभीषणराव, तुमी घरात बंदूक बनवायलात म्हनं?"

हरिबा पोलीस पाटील अंगणाच्या कडेला उभं राहून दबक्या आवाजात विचारत होता. आता हरिबाचा दबका आवाज म्हणजे काय, तर माझी पिठाची गिरणी धडधडत असतानाही मला रस्त्यापलीकडून शब्द न् शब्द ऐकू आला. मी मोटर बंद केली, मिशांवरचं पीठ झटकलं आणि तडक बिभीषणच्या अंगणात जाऊन बाजेवर बसलो. असली मजा फुकट घालवायला मी काय वेडा आहे?

बिभीषण पटाशी चालवत होता. "व्हय. बनवायलोय," म्हणाला.

"आन् वर तोंड करून सांगताव?"

"तोंड कुठं वर केलंय पाटील? खालीच हाय की."

खरंच खाली होतं. मांडीवर एक लांबट, फिकट पिवळसर लाकूड, आणि त्यात हा खाचा पाडत होता. हरिबा जरा पुढे सरकला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यात कोंबडी चोरीच्या पुढचा गुन्हा त्यानं पाहिला नव्हता, आणि आज एकदम बंदुकीचा कारखाना.

"नळी कुठंय?"

"शाळंत. कपाटात, कुलपात. किल्ली रोहिणी मॅडमकडं. ती छऱ्याची बंदूक हाय पाटील, खेळायची. पोरंसोरं स्पर्धंत मारत्यात कागदावर. तिचा निस्ता दस्ता करायलोय म्या."

"निस्तं लाकूड?"

"निस्तं लाकूड."

हरिबानं इतका मोठा श्वास सोडला की पटाशीखालचा भुसा उडाला. मग त्याचा धीर एकदम वाढला. "बघू हिकडं," म्हणून त्यानं तो दस्ता उचलला, सिनेमातल्यासारखा उजव्या खांद्याला लावला आणि गाल टेकवला. लगेच तोंड वाकडं करून म्हणाला, "आरं, हितं तर गालाखाली पोकळीच हाय!"

"तुमच्यासाठी न्हाईच ते. डावखुऱ्या मानसाचं हाय."

"गावात कोन हाय बे डावखुरं?" हरिबानं माझ्याकडे बघून विचारलं.

तेवढ्यात घरातून बिभीषणची नात ऋतुजा चहा घेऊन आली. बशी उजव्या हातात होती, पण आजीची पाठ वळताच तिनं ती झटकन डाव्या हातात घेतली आणि हरिबापुढे धरली.

आता सगळं मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही हरिबासारखे घाबराल.

बिभीषण सुतार माझा लंगोटीयार. एकेकाळी पेरणीच्या तोंडावर आमच्या चकलांबा गावातल्या निम्म्या तिफणी याच्या अंगणात येऊन पडायच्या. कुणाचा दात मोडला, कुणाचं बी सोडायचं चाडं फुटलं, कुणाच्या गाडीचं चाक डुगडुगतंय. गडी भाकरी खायला उठायचा नाही. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी औजारं आली आणि याच्याकडे राहिले कुऱ्हाडीचे दांडे आणि बाजेचे पाय. पण हा पठ्ठ्या रोज सकाळी अंघोळ झाली की वाकस, पटाशी, रंधा, सगळ्याला धार लावून ठेवणार. मी म्हणायचो, "बे, दाढी करायचीय का त्या पटाशीनं?" तो म्हणायचा, "धार गेली तर हत्यार गंजतंय आन् मानूस बी." असं काही बोलला की मला राग यायचा आणि मी गिरणीवर निघून जायचो.

ऋतुजा त्याच्या मुलीची मुलगी. मुलगी मंगल आणि जावई साखर कारखान्यांवर कामाला, आज इथं तर उद्या तिथं, म्हणून पोरगी लहानपणापासून आजीआबांकडे. चुणचुणीत, काळीसावळी, उंच, आणि पहिल्यापासून डावखुरी. साखराबाईंनी, म्हणजे तिच्या आजीनं, काय काय केलं नाही? "उजव्या हातानं जेव. उजव्या हातानं घे. लगीन झाल्यावर सासू काय म्हनंल?" दिवसातून दहा वेळा हेच. जेवणं आणि लिहिणं तेवढं उजव्या हातावर आलं. बाकी सगळी पोरगी डावीच राहिली.

गेल्या हिवाळ्यात ती ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसली होती. शाळेच्या रोहिणी मॅडम स्कूटीवरून चालल्या होत्या. बुजगावण्याच्या मडक्यावर एक भोरडी येऊन बसली, ऋतुजानं गोफण फिरवली आणि मडकं फुटलं. मॅडमनी गाडी थांबवली. "ए मुली, मडकं मारायचं होतं की पाखरू?" ही म्हणाली, "पाखरू कशाला मारू? मडकंच मारलं. पाखरू आपसूक उडालं न्हवं?" मॅडम खेळाच्या शिक्षिका, दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला शाळेच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं एका माजी विद्यार्थ्यानं दिलेली छऱ्याची रायफल होती, भिंतीला पोत्यांचा ढीग होता आणि त्यावर कागदाचं निशाण होतं.

पण बंदूक होती उजव्या हाताची. दस्त्याला गाल टेकवायला जो उंचवटा असतो, तो उजव्यासाठी डाव्या बाजूला. ऋतुजानं डाव्या खांद्याला लावली की गालाखाली पोकळी. मान वाकडी करून, जबडा दाबून, श्वास कोंडून मारायची. एक छरा मधोमध, दुसरा पोत्यात. उजव्या खांद्याला लावून पाहिली तर डोळा जुळेना. मॅडमनी चौकशी केली. डावखुऱ्यांचे दस्ते बाहेरून मागवावे लागतात, महिने जातात. आणि चौदा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्यातून पहिल्या तिघींना विभागाला पाठवतात. पावसाळा संपायच्या आत स्पर्धा.

त्या दिवशी पोरगी घरी आली, दप्तर फेकलं आणि उंबऱ्यात बसून म्हणाली, "मी उलटीच हाय. माझ्यासारख्यासाठी कुनी काय बनवीतच न्हाई."

मी तिथंच होतो. बिभीषण बिडी पेटवत होता, ती तशीच विझली. तो म्हणाला, "त्ये लाकडाचंच असतंय न्हवं?"

"व्हय आबा."

"मग रडतीस कावून?"

आणि उठून माळ्यावर चढला.

माळ्यावरून त्यानं जो ठोकळा काढला, तो बघून मी उडालोच. शिवणीचा ठोकळा! बालाघाटाच्या डोंगरातनं कधीतरी आणलेला. हलका, फिकट, एकदा वाळला की उन्हापावसात जागचा हलत नाही असं ते लाकूड. याच ठोकळ्यासाठी सरपंचांनी दोनदा माणूस पाठवला होता, देवळातल्या मखरासाठी. मी स्वतः गिरणीच्या खोक्यासाठी मागितला होता. सगळ्यांना एकच उत्तर, "हे न्हाई. ह्येचं काम यायचंय अजून." मला वाटायचं याचं डोकं फिरलंय. आता तो ठोकळा अंगणात ठेवून त्याच्यावरनं असा हात फिरवत होता की साखराबाई आतून म्हणाल्या, "माझ्यावरनं कवा फिरवला न्हाई असा हात."

"तू कुठं वाळून बसलीस इतकी वर्सं?" बिभीषण म्हणाला. आतून लाटणं आपटल्याचा आवाज आला.

मग सुरू झालं. बंदूक शाळेची, जबाबदारी मॅडमची, म्हणून त्या फक्त रविवारी ती पिशवीतनं घेऊन यायच्या आणि काम होईतो बाजेवरून हलायच्या नाहीत. इतर दिवशी बिभीषण नुसत्या लाकडावर काम करायचा. लोखंड लाकडात बसवायचं म्हणजे खाच अशी पाहिजे की कुठं केसाएवढी फट नको आणि कुठं दाबही नको. त्यासाठी यानं साखराबाईंची काजळाची डबी पळवली. लोखंडाला बोटानं काजळ लावायचा, लाकडात अलगद दाबायचा, उचलायचा. जिथं काळं उमटलं तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काजळ, परत दाब. दिवसभर तेच. त्याची बोटं काळी, धोतर काळं, नाकाचा शेंडा काळा. मी म्हणालो, "बिभीषण, दृष्ट लागायची भीती न्हाई तुला आता."

लोखंड बसलं. पण खरी गंमत पुढे. गालाचा उंचवटा किती ठेवायचा? बिभीषण स्वतः उजवा. त्याच्या गालाचा उपयोग नाही. गावातल्या प्रत्येक तिफणीचा हातात धरायचा रुमणा यानं ज्याच्या त्याच्या उंचीला करून दिलेला, पण तिथं माणसाला उभं करून माप घेता येतं. गालाचं माप कसं घेणार?

त्यानं युक्ती काढली. ऋतुजाला म्हणाला, "डोळे मिट. खांद्याला लाव. गाल टाक, जसा उशीवर टाकतीस तसा. आता उघड. काय दिसतंय?"

"मागच्या भोकातनं अर्धंच दिसतंय आबा. पुढचं वर गेलंय."

"मान हलवू नगंस. तू न्हाई हलायचं. लाकूड हलंल."

आणि तेवढाच एक पातळ पापुद्रा काढायचा. परत डोळे मिट, परत उघड. रविवारमागून रविवार. मॅडम एकदा म्हणाल्या, "बाबा, एवढं बारीक कशाला? ती थोडी मान जुळवून घेईल की." त्यावर हा शांत माणूस पहिल्यांदा चिडला. "मॅडम, तेरा वर्सं झाली, जुळवूनच घ्यायली पोरगी. ह्या एका वस्तूला तरी तिच्याशी जुळू द्या."

साखराबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. त्या संध्याकाळी पोरीनं भाकरीचं ताट डाव्या हातानं ओढलं तर आजीनं पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. हे मी डोळ्यांनी बघितलं, कारण मी तिथं जेवायला होतो. मी बहुतेक असतोच.

आणि एका रविवारी पोरीनं डोळे उघडले आणि मान न हलवता बघतच राहिली.

"काय गं? काय दिसतंय?"

"आबा," ती हळूच म्हणाली, "सगळं दिसतंय. शोधावं लागलं न्हाई."

मॅडमनी टाळी वाजवली. मी बाजेवरून उठून नाचायचाच बाकी होतो. बिभीषणनं फक्त पटाशी मांडीवर घेतली आणि तिची धार अंगठ्यानं चाचपत बसला. पण त्याचे कान लाल झाले होते. गडी खूश झाला की त्याचे कान लाल होतात, हे मला शाळेपासून माहीत आहे.

राहिलं होतं अंग घासणं आणि तेल. ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं, उन्हात धरायचं, लव उभी राहिली की काचपेपरनं घासून काढायची. मग परत ओलं. लाकूड दमून हार मानतं आणि लव काढणं बंद करतं, तोवर. नंतर जवसाचं तेल. थेंबभर तेल तळहातावर घ्यायचं आणि तळहात गरम होईपर्यंत चोळायचं. ब्रश नको, फडकं नको. प्रत्येक हात वाळला की पुढचा. शिवणीच्या लाकडातनं आत दडलेल्या रेषा अशा वर आल्या की येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. हरिबा पाटील तर रोज गस्तीला यायचा. "सरकारी काम हाय," म्हणायचा आणि चहा प्यायचा.

भानगड झाली ती पावसानं. भाद्रपदात तीन-चार दिवस आभाळ उघडलंच नाही. शेवटचा तेलाचा हात वाळेना. स्पर्धा दुसऱ्या दिवशी बीडला. बिभीषणनं दस्ता ओसरीत सुतळीनं टांगला आणि म्हणाला, "कुनी हात लावायचा न्हाई. सकाळपत्तुर हवा लागू द्या." आणि सकाळी मॅडमनी ठरवलेली जीप यायच्या आधी तो दाढी करायला पारावर गेला. जिल्ह्याच्या गावाला जायचं म्हणून!

आता सुताराच्या घरची एक रीत आहे. नवं औजार अंगणाबाहेर पडताना घरच्या बाईनं त्याला हळदीकुंकू लावायचं. तिफण असो, पाभर असो, पाळणा असो. साखराबाईंनी लग्न होऊन आल्यापासून एकही औजार कोरडं जाऊ दिलं नव्हतं. आणि बऱ्याच वर्षांत असं काही औजार अंगणाबाहेर पडलंच नव्हतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, ताट केलं, हळद कालवली आणि दस्त्यावर, गालाच्या बरोबर उंचवट्यावर, पाचही बोटं उमटवली. कुंकू लावलं, फूल ठेवलं, नारळ फोडला.

ओलं तेल. त्यानं हळद अशी पिऊन घेतली, की विचारू नका.

बिभीषण गुळगुळीत दाढी करून आला आणि ओसरीत जागच्या जागी थबकला. "हे काय केलंस गं!" असा ओरडला की माझ्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बाया धावत आल्या. त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसायला सुरुवात केली. हळद पुसायची तर आणखी पसरली. फिकट लाकडावर पाच पिवळीधमक बोटं आणि भोवती पिवळं आभाळ.

"काचपेपरनं काढ," मी म्हणालो.

"काढू कसं बे? गालाचं माप जाईल! केवढ्या मेहनतीनं आनलंय त्ये." त्यानं सोगा खाली सोडला. "आन् तिथं तपासनी असती. मॅडम म्हनाल्या होत्या, बंदुकीवर भलतंसलतं काय चालत न्हाई. पोरीला बाहेर काढलं तर?"

साखराबाई ताट हातात धरून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या जन्मभर तिचा हात धरून वडला," त्या म्हणाल्या, "आज वाटलं, पोरीला आपल्या हातानं आशीर्वाद द्यावा. त्यात बी माती केली."

मी खाली वाकून नारळाच्या करवंट्या गोळा करायला लागलो.

ऋतुजा वेणी घालत बाहेर आली. तिनं दस्ता सुतळीवरून उतरवला, खांद्याला लावला आणि गाल त्या पिवळ्या बोटांवर ठेवला. एक डोळा उघडून आजीकडे बघितलं.

"आजी, झ्याक झालं की. गाल कुठं ठेवायचा त्ये आता बघायला बी नको. तुझ्या तळव्यावर ठेवायचा."

साखराबाई रडता रडता हसल्या. बिभीषण अजून रागातच होता, पण रागाला आता जागाच उरली नव्हती. तो पुटपुटला, "हळद हाय का तिखट त्ये तरी बघितलंस का लावताना?" आणि आम्ही सगळे जीपमध्ये बसलो.

बीडच्या त्या हॉलमध्ये तपासणीच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, मापाची पट्टी हातात. मॅडमनी नळी बसवून दिलेली बंदूक त्यांनी उलटसुलट केली. वजन केलं. गालाचा उंचवटा मोजला. मग बोट त्या पिवळ्या डागावर थांबलं.

"हे काय आहे? चिकटपट्टी? रंग?"

रोहिणी मॅडमनी तोंड उघडलं, पण साखराबाई मध्येच पुढे झाल्या. "हळद हाय बाई. घरची. म्या लावली. चूक माझी हाय, पोरीची न्हाई. काय शिक्षा असंल ती मला द्या."

त्या बाईंनी साखराबाईंकडे पाहिलं, मग नखानं डाग खरवडून पाहिला, मग वास घेतला. मागे रांगेत उभ्या पोरी माना उंचावत होत्या. बिभीषणनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता.

"वर काही चिकटवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "लाकडात मुरलेलं आहे. चालेल." आणि शिक्का मारता मारता अगदी हळू म्हणाल्या, "कागद खराब करू नकोस हं पोरी, पिवळ्या हातानं."

स्पर्धेचं मी काय सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरी ओळीनं उभ्या, नुसता फट् फट् आवाज, आणि सगळे असे गप्प की शिंकही दाबावी लागे. मला शिंक आलीच. मी बिभीषणच्या कानात म्हणालो, "बघ बघ, निशाणावर लागलं का?"

"निशान मला कुठं दिसतंय एवढ्या लांबून," तो म्हणाला. "म्या गाल बघायलोय."

मग मीही गालच बघू लागलो. बाकीच्या पोरी प्रत्येक छऱ्यानंतर डोकं उचलायच्या, परत ठेवायच्या, जरा इकडे, जरा तिकडे. ऋतुजा डोकं ठेवायची आणि ते तिथंच असायचं. लहानपणी आजीच्या मांडीवर झोपायची, तशी निवांत. छरा सुटला की सावकाश डोकं उचलायची, नवा छरा भरायची, आणि गाल परत त्याच जागी. मध्ये दोन छरे बाहेर गेले तेव्हा रोहिणी मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. बिभीषण म्हणाला, "घाबरू नका मॅडम. हात हलला, गाल न्हाई हलला. हात येतंय ठिकान्यावर."

हात ठिकाणावर आला. यादी लावली तेव्हा वरून तिसरं नाव: ऋतुजा. विभागाला जाणार! मी इतका मोठ्यानं ओरडलो की मला हॉलच्या बाहेर जायला सांगितलं. मग आम्ही सगळेच बाहेर गेलो. तिथं उजेडात बघतो तर काय, पोरीचा डावा गाल पिवळाधमक. त्यावर दुसऱ्या शाळेच्या पोरी खिदळायला लागल्या. "अगं, हळद लागली तुला! लग्न कुठं?" ऋतुजा म्हणाली, "आधी विभागात, मग राज्यात." साखराबाईंनी तिची अलाबला घेतली आणि बोटं मोडली. दोन्ही हातांची.

परत येताना बिभीषण जीपमध्ये एका कडेला बसून होता. मला वाटलं होतं गडी गाणं म्हणेल. पण रोहिणी मॅडम बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या, "या वर्षात चांगली दोन बोटं वाढलीय ही. पुढच्या वर्षी दस्ता आखूड पडेल, बाबा." तेव्हापासून हा पोरीच्या खांद्यांकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर अंगणात करवत चाललेली. त्या शिवणीच्या ठोकळ्याचा जो तुकडा उरला होता, त्याच्या हा बोटभर जाडीच्या चकत्या पाडत होता. दस्त्याच्या मागचा भाग, जो खांद्याला लागतो, अगदी त्याच आकाराच्या. प्रत्येकीला दोन भोकं. मापासाठी दस्ता तेवढा मॅडमनी त्याच्याकडे ठेवला होता.

"हे काय नवीन?"

"पोरगी वाढली की एक लावायची. अजून वाढली की दुसरी. मंग दस्ता आखूड पडत न्हाई."

"आणि किती चकत्या पाडणार?"

त्यावर तो थांबला. "त्येच कळंना बे. कुठवर वाढंल ही?" मग हाक मारली, "आगं ए, भाईर ये जरा."

साखराबाई पिठाचे हात घेऊन आल्या. "पोरगी तुज्या अंगाबांध्यावर गेलीया," बिभीषण म्हणाला. "हे खांद्याला लाव बघू. डाव्या."

"इश्श! येड लागलं का? ह्या वयात?"

पण लावला. नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या साखराबाई अंगणात उभ्या, डाव्या खांद्याला दस्ता, तोंड लाजेनं लाल, आणि हसू दाबता दबेना. हात काही केल्या डावीकडे वळेना. बिभीषणनं त्यांचं कोपर धरून वळवलं, बोटं एकेक करून जागेवर ठेवली, मागे एक चकती धरली, मग दुसरी, मग तिसरी. आजीच्या हाताला जेवढ्या पुरल्या तेवढ्या त्यानं मोजून बाजूला काढल्या. ऋतुजा हसून हसून खाली बसली होती. हरिबा पाटील नेमका तेव्हाच गस्तीला आला आणि साखराबाईंचा नेम आपल्याकडे वळलेला बघून दाराआड झाला. आम्ही पोट धरून हसलो.

हसू ओसरल्यावर बिभीषणनं चकत्यांना तेलाचा पहिला हात दिला आणि उन्हात मांडल्या. मी म्हणालो, "आज कशाला सगळ्या करायलास? वरसाला एक कर. पोरगी वाढंल तशी तूच लावून देशील की."

"म्या काय कायमचा ठेका घेतलाय व्हय?" तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. वर कानही लाल होते, म्हणजे गडी सुखात होता. मी मात्र एक चकती उचलली, उलटी केली आणि परत उन्हात ठेवली.

दोन-चार उन्हं खाऊन चकत्या वाळल्या. मग त्यानं ऋतुजाला बोलावलं, मांडीवर दस्ता दिला, पहिली चकती दिली, दोन स्क्रू दिले आणि पेचकस दिला. पोरगी म्हणाली, "तुमी लावा ना आबा. माझं वाकडं जाईल."

"जाऊ दे. काढून परत लाव."

तिनं पेचकस डाव्या हातात घेतला. स्क्रू पहिल्यांदा तिरका गेला. बिभीषणचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. मी बघत होतो. ते अर्ध्या वाटेत थांबले. मग त्यानं ते मागं नेले, पाठीशी एकात एक धरले, आणि पोरीच्या हातातला स्क्रू सरळ होऊन लाकडात उतरेपर्यंत तसाच उभा राहिला.